काचवाल्याचं गाणं कुणाचं?

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडण्यासारखं आहे. तरी भांडणार आहे. वड्याचं तेल वांग्यावर काढतेय म्हणाल, तर म्हणा. गेल्या रविवारपासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे, आणि घरात ज्याला सांगायला जावं तो म्हणतो, "अगं, एका गाण्यासाठी एवढं काय?" एका गाण्यासाठी! हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असतं तर तुम्ही टेबलावरची पट्टी उचलली असती. मला पट्टी उचलता येत नाही, म्हणून पेन उचललंय.

झालं काय ते आधी सांगते. पोस्टातून रिटायर झाल्यावर मी बदलापुरात बायकांचा गाण्याचा एक ग्रुप सुरू केला. कुणी शिक्षिका, कुणी पोळीभाजीचा धंदा करणारी, एक उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये ब्लाउज शिवणारी सिंधी भाभी, एक अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत लॅबला असलेली पोरगी. सगळ्या हौशी. अंबरनाथ पूर्वेला एका सांस्कृतिक मंडळाने 'देशोदेशीची लोकगीतं' असा कार्यक्रम ठरवला. मंडळाचा अध्यक्ष कोण, तर माझ्याच वर्गातला, तुमच्याच हाताखाली सा रे ग म शिकलेला. त्याचाच फोन आला. "बाईंचं ते काचवाल्याचं गाणं बसवा ना तुम्ही. परदेशी पण आहे, मराठी पण आहे. एकदम हटके!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, कुणाला तरी आठवण आहे. आठवण होती हो. पण गाण्याची होती, त्याच्या आधीच्या वाक्याची नव्हती.

ते वाक्य तुम्ही आमच्याकडून किती घोटून घेतलं होतं! तुमच्या वर्गात पद्धतच होती, गाणं सुरू करण्याआधी एकाने उभं राहायचं आणि गाणं कुणाचं ते सांगायचं. मगच तुमची बोटं पेटीवर पडायची. शनिवारी तर पेटीलाही हात लावायच्या नाहीत, तो तुमचा पाळायचा दिवस, नुसत्या टाळीवर शिकवायच्या, पण गाणं कुणाचं हे शनिवारीही सांगावंच लागायचं. भाताच्या लावणीचं गाणं असलं तर कुठल्या गावच्या बायकांकडून आलं ते. सिंधी लग्नातला लाडा असला तर कुणाच्या आजीने शिकवला ते. एकदा मी घरी येता-जाता ऐकलेलं गाणं म्हटलं, आणि कुणाचं विचारल्यावर बोलून गेले, "असंच येतं मला." वर्गासमोर तुम्ही मला जे झापलंत! "असंच? आईच्या पोटातून गाणं घेऊन आलीस का गं? कुणीतरी घसा फोडून ते रचलंय, कुणीतरी तुझ्या कानात घातलंय. जा, घरी विचारून ये." मी रडत घरी गेले. वडील वस्तीतल्या जलशात डफ वाजवायचे. ते म्हणाले, "बाई बराबर बोलली. आपल्या गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव कशासाठी घालतात? कुणी ढापू नये म्हणून." दुसऱ्या दिवशी मी नावासकट गाणं म्हटलं आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त पेटी वाजवलीत. तुमच्याकडून तेवढी शाबासकी म्हणजे पुष्कळ होती.

आणि तुमचं स्वयंपाकघर. अंबरनाथच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समधलं ते एवढंसं स्वयंपाकघर, खिडकीत ओव्याचं झाड, आणि भल्यामोठ्या ताटात मलिदा. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी-सफरचंदाच्या फोडी. कुणाचं काही चांगलं झालं की तुमच्याकडे मलिदा असायचा. माझी स्कॉलरशिप झाली तेव्हा माझ्यासाठी केलात. मी आजूबाजूच्या बायकांसारखंच विचारलं होतं, "बाई, हा कुठल्या देवाचा प्रसाद?" तुम्ही हसून म्हणालात, "देव एकच आहे, नैवेद्य आमचा कोकणातला आहे." तुम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही, प्रार्थनेच्या जागेलाही तुमच्याकडे मशीद म्हणायचे. मला त्या वयात ह्यातलं काही विचित्र वाटलं नाही. अर्धं गाव सिंधमधून आलेलं, अर्धं कोकणातून आणि देशावरून आलेलं, त्यात तुम्ही एक. तुमचा भाऊ इस्राएलला गेला, बहीण गेली, तुम्ही राहिलात. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिथे माझं मराठी कोण ऐकणार?"

त्याच ताटाशी बसून तुम्ही मला काचवाल्याची गोष्ट सांगितलीत. तुम्ही लहान असताना, लढाईच्या दिवसांत, तुमच्या मुंबईच्या घरी एक बाई खोली घेऊन राहायची, तिला तुम्ही मावशी म्हणायच्या. पोलंडमधली, वॉर्सा शहरातली, जीव घेऊन पळालेली. शिवणकाम करायची आणि मशीन चालवता चालवता गायची. तिच्या शहरात मोठमोठ्या इमारती, मधे चौक, अगदी चाळींसारख्या. त्या चौकांत वाजंत्री यायचे, एक फिडल, एक अकॉर्डियन, एक ढोल. वर खिडक्या उघडायच्या. त्यातलं हे एक गाणं. पाठीवर काचेची तावदानं बांधून एक यहुदी काचवाला चौकाचौकात हाका मारत फिरतो, कुणाचीच काच फुटलेली नसते, आणि चौथ्या मजल्यावरची एक मुलगी त्याला वर बोलवायचं म्हणून आपल्याच खिडकीवर लाटणं हाणते. तुम्ही केलेलं मराठी मला अजून झोपेतही येईल.

काचवाल्या रे, काचवाल्या, पाठीवर तुझ्या आभाळ हाले,
चौथ्या माळ्याची खिडकी माझी, बघ ना कशी आपोआप फुटे!

चाल यहुद्यांच्या लग्नात वाजवणाऱ्यांची. पहिले शब्द यिद्दिशमधले, ती त्या लोकांची घरची बोली. मग कुणीतरी त्याला पोलिश शब्द घातले आणि गाणं सुटलं. धोबिणी म्हणायला लागल्या, टांगेवाले म्हणायला लागले, तुरुंगातले चोर म्हणायला लागले. इथपर्यंत तुम्ही हसत सांगत होतात. मग म्हणालात, "पण एक कडवं नंतर चिकटवलंय. त्यात काचवाल्याच्या बोलण्याची टवाळी आहे, त्याच्या नाकाची आहे. चाल त्याचीच घेतली आणि त्या चालीवर त्यालाच हसले. मावशी ते कडवं म्हणायची नाही. मी पण मराठीत घेतलेलं नाही." आणि पुढे जर्मनांनी ते चौक माणसांसकट संपवले. फिडलवाला गेला, काचवाला गेला, चौथ्या मजल्यावरची मुलगीही गेली असेल. गाणं तेवढं राहिलं. त्याला आता म्हणतात जुन्या वॉर्साचं लोकगीत, रचनाकार अज्ञात. अज्ञात कसला डोंबल! आयत्या बिळावर नागोबा दुसरं काय!

तर आमच्या तालमीला अध्यक्षमहाशय आले. हातात फोन. त्यात कुठल्याशा परदेशी ग्रुपचा व्हिडिओ, हेच गाणं, ती चाल मी हजारात ओळखेन. एक माणूस लांब कागदी नाक आणि कापसाची दाढी लावून तावदानं घेऊन लडखडत चालतोय आणि लोक खो खो हसतायत. चिकटवलेलं कडवं. मला भाषा कळत नव्हती, पण टवाळी कळायला भाषा लागते का? अध्यक्ष म्हणाला, "किती गोड आहे बघ! असंच करू. तुमच्यातल्या कुणाला तरी नाक लावू. नाक मी आणतो, उल्हासनगरात मिळतं सगळं." मी म्हटलं, "नाक लागणार नाही." तो म्हणाला, "अगं, गंमत आहे." मग मी तुमचं वाक्य त्याला म्हणून दाखवलं. वाटलं होतं, तो पण पाठोपाठ म्हणेल. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे एवढं सगळं निवेदनात नको. पोलंडचं लोकगीत, बस."

"आणि यहुदी?"

"तेच तर काढायचंय. आजकाल जगात काय चाललंय बघतेस ना? कुणीतरी म्हणेल तुम्ही ह्यांची बाजू घेतली, कुणीतरी म्हणेल त्यांची. नस्ती झंझट. आणि लोकगीत म्हणजे लोकांचं. त्याला मालक कसला आलाय?"

बाई, मला सांगा, कुठे बातम्यांमधली लढाई आणि कुठे तो पाठीवर काचा घेऊन फिरणारा गरीब माणूस? तो मेला तेव्हा ह्यातलं काही जन्माला तरी आलं होतं का? आणि लोकांचं म्हणे! लोक म्हणजे कोण? ज्यांची नावं घेतली तर अडचण होते ते लोकांत धरायचे नाहीत, त्यांची गाणी तेवढी लोकांची! मी हे सगळं तोंडावर म्हटलं. तो थंडपणे म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस. तुमच्या लोकांचा थोडीच अपमान आहे ह्यात." तुमच्या लोकांचा! शाळेत माझ्या डब्यातलं भाकर-कालवण पहिल्यांदा हाच खायचा.

त्याला काय माहीत मला ते नाक का झोंबलं. वडिलांच्या कंपनीत एका गॅदरिंगला एका साहेबाने त्यांच्या बोलण्याची नक्कल केली होती. 'बराबर', 'व्हय', 'नाय ओ साहेब'. आणि ते बोलणं कशावर बसवलं, तर वडिलांनीच डफावर वाजवून दाखवलेल्या चालीवर. सगळा हॉल हसला. वडीलही हसले. मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो घामाने ओला झाला होता. घरी येताना म्हणाले, "साहेब चांगला मानूस हाय." त्यानंतर त्यांनी कंपनीत डफ नेला नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, लाज वाटली होती. आज सांगते. नक्कल करणाऱ्याची ती लाज, माझी कशाला!

तो गेल्यावर मी बायकांना म्हटलं, "माझं चुकतंय का? तुम्हाला स्टेजवर जायचंय, माझ्या हट्टापायी कार्यक्रम जायला नको." पोळीभाजीवाली म्हणाली, "ताई, मुलं बघायला येणारेत माझी. नवीन साडी घेतलीय." तिचंही खरंच होतं. तेवढ्यात सिंधी भाभी बोलली. "मेरी नानी का लाडा एक ऑर्केस्ट्रावाल्याने लिया. शादी में सुना मैंने, वो बोला पंजाबी गीत है. मी उठून सांगितलं, हे आमचं आहे, सिंध का है. तो बोलतो, आंटी, क्या फरक पडता है. फरक पडता है ना! घर सोडून आलो आम्ही, गठरी में और क्या था?" मग साडीवालीनेच तोंड उघडलं, "नाक कुणी लावायचं नाही. आणि वाक्य तुम्ही म्हणा. काढलं स्टेजवरून तर काढलं. साडी काय, लग्नात नेसेन."

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. निवेदकाने चिठ्ठी बघून सांगितलं, "आता ऐकू या पोलंडचं एक खट्याळ पारंपरिक गीत, रचनाकार अज्ञात." माझ्या पेटीवर बोटं होती. मी भाता मिटला. माईक ओढून घेतला आणि म्हटलं, "अज्ञात नाही. हे काचवाल्याचं गाणं. चाल वॉर्साच्या यहुदी वाजंत्र्यांची. पहिले शब्द यिद्दिश, मग पोलिश. मुंबईत आणलं एका निर्वासित मावशीने. मराठी केलं आमच्या बाईंनी, त्या इथे अंबरनाथलाच शाळेत शिकवायच्या." विंगेत अध्यक्ष हातवारे करत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, गाणं म्हणा की, लेक्चर काय देताय!" लोक हसले. मी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि ह्या वेळी माझ्या मागून सगळ्या बायका म्हणाल्या, तुमच्या वर्गात म्हणायचो तशा, एका सुरात. भाभीने 'वॉर्सा'चं काहीतरी भलतंच केलं, पण सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. मग गायलो. बरं झालं गाणं. टाळ्या पडल्या, इतर गाण्यांना पडल्या तेवढ्याच. खाली उतरल्यावर अध्यक्ष म्हणाला, "पुढच्या वर्षी तुमचं कठीण आहे." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बोलवलंस तरी तालमीला येताना फोन घरी ठेवून ये."

इथवरचं ऐकून तुम्ही पेटी वाजवली असती, मला माहीत आहे. पण आता तुमच्यावर येते. कार्यक्रम संपल्यावर आमची लॅबवाली पोरगी फोन घेऊन आली. तिने सगळं शूट केलं होतं. म्हणाली, "ताई, मी ऑनलाइन टाकतेय. ओरिजनल किसका लिखूं? ती निर्वासित मावशी होती ना, उनका नाम बोलो. रिकामं ठेवलं तर खाली लोक लगेच 'ट्रॅडिशनल' लिहितात." नाव? मावशी. पूर्ण नाव? शिवणवाल्या मावशी. बाई, मला तिचं नाव माहीत नव्हतं! आयुष्यभर ते वाक्य म्हटलं, शंभरदा वर्गात, आता स्टेजवरून भांडून म्हटलं, आणि त्यात बसलेली 'एक निर्वासित मावशी' मला कधी खटकली नाही. अध्यक्षाचं 'अज्ञात' आणि माझं 'मावशी', फरक काय हो त्यात?

तुम्ही का नाही सांगितलंत? जी बाई पोरांना सांगायची की नावाशिवाय गाणं म्हणजे ढापलेलं गाणं, तिने स्वतःच्या घरात राहिलेल्या, स्वतःच्या कानात गाणं घातलेल्या बाईचं नाव सांगू नये? मग वाटतं, तुम्हालाही माहीत नसेल. तुम्ही लहान होता. आपल्याकडे मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, नाव विचारणं म्हणजे उद्धटपणा. काकी म्हटलं, मावशी म्हटलं, आपलं म्हटलं, की संपलं, आता नावाची काय गरज! तिला किती बरं वाटलं असेल, परक्या मुलखात एका पोरीने मावशी म्हटलं म्हणून. आणि त्याच मायेने आपण तिला पुसून टाकलं. नाक लावणारे हसून पुसतात, आपण आदराने पुसतो. मला तर हेही आठवेना की मी पोळीभाजीवालीचं आडनाव कधी विचारलंय का. भाभीला तर आम्ही सगळ्या भाभीच म्हणतो. दुसऱ्या दिवशी फोन करून दोघींची नावं विचारली. भाभी घाबरली. "क्या हुआ, पुलीस आया क्या?"

तुमच्या भाचीचा इस्राएलमधला पत्ता कुणाकडून तरी मिळेल, तिला विचारावं असं मनात आहे. तिला माहीत असण्याची शक्यता नाही. आणि हे पत्र कुठे टाकणार? पोस्टात जन्म गेला माझा, बिनपत्त्याच्या पत्रांचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. इथेच राहील, गाण्यांच्या फाइलीत.

एक सांगायचं राहिलं. ती पोरगी फोन धरून उभी होती, "बोला ना ताई, रिक्षा थांबलीय", आणि मला 'माहीत नाही' म्हणवेना. इतकं तावातावाने बोलल्यावर कसं म्हणू? मी तुमचं नाव सांगितलं. तुमचं सगळं नाव, आडनावासकट. गाणं आता त्या नावावर फिरतंय. चाल, शब्द, सगळं तुमचं म्हणून. खाली लोकांनी लिहिलंय, 'काय सुंदर रचना आहे', 'कोण होत्या ह्या?' हे खोटं आहे, बाई, आणि एक फोन केला तर ती पोरगी आत्ता बदलेल. फोन शेजारी पडलाय. पण तुमचं नाव असं छापलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी अजून तिला फोन केलेला नाही.